लॅपटॉप जागा झाला की पासवर्ड मागतो. बंद करण्याआधी समोर कोण उभे असते ते बघा

नांदगावातल्या ऑनलाइन कामे करणाऱ्या कुठल्याही दुकानात हे चित्र दिसेल. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज अर्धा भरून झालाय, काउंटरवर चार जण कागद घेऊन उभे आहेत आणि लाइट जाते. इन्व्हर्टर सकाळपासूनच दमलेला. लॅपटॉपची बॅटरी थोडा वेळ तग धरते, मग स्क्रीन काळी होते. तासाभराने लाइट येते, दुकानदार बटण दाबतो. उघडलेले सगळे तसेच्या तसे परत येणार हे त्याला ठाऊक असते, पण मध्ये उभा राहतो पासवर्डचा चौकोन. पासवर्ड भाच्याने टाकून दिलेला, त्यात एक कॅपिटल अक्षर, एक ॲटचे चिन्ह. पहिल्यांदा चुकतो. मागून कोणीतरी म्हणते, ‘दादा, किती वेळ?’ दिवसातून हे तीन-चार वेळा झाले की माणूस वैतागतो आणि कॉम्प्युटरवाल्याला फोन लावतो : ही पासवर्डची कटकट कायमची बंद करून दे.

बंद होते. दोन मिनिटांचे काम आहे आणि त्यासाठी कुणाला पैसे द्यायची गरज नाही. पण घरातल्या टेबलावरचा कॉम्प्युटर आणि काउंटरवरचा कॉम्प्युटर यांना एकच नियम लावणे चुकीचे आहे. घरी खुशाल बंद करा. काउंटरवर करू नका.

झोप आणि गाढ झोप

स्लीप आणि हायबरनेट या दोन गोष्टींची गल्लत बहुतेकांची होते. स्लीपमध्ये उघडलेले काम रॅममध्येच राहते आणि ती जिवंत ठेवायला थोडी वीज लागत राहते. बॅटरी पूर्ण संपली तर जतन न केलेले काम जाते. हायबरनेटमध्ये रॅममधले सगळे हार्ड डिस्कवरच्या एका लपवलेल्या फाइलमध्ये उतरवले जाते आणि मशीन खरोखर बंद होते. ८ जीबी रॅमच्या मशीनवर ही फाइल साधारण ३ जीबीची असते. सी ड्राइव्हवरची जागा कुठे गेली असा प्रश्न पडतो, त्याचे एक उत्तर हेच. नंतर आठ दिवसांनी बटण दाबले तरी तोच अर्ज, तीच एक्सेल शीट, तेच दहा टॅब समोर येतात.

लाइटचा भरवसा नसलेल्या गावात हायबरनेट ही फार कामाची सोय आहे. लॅपटॉपची बॅटरी अगदी तळाला गेली की विंडोज बहुधा आपणहून हायबरनेट करते. डेस्कटॉपचे मात्र तसे नाही. यूपीएस असला तरी तो ‘आता मी संपत आलो’ हे कॉम्प्युटरला सांगू शकत नाही, कारण दोघांमध्ये फक्त विजेची वायर असते. यूपीएसला यूएसबीची वायर असेल आणि ती कॉम्प्युटरला जोडली असेल तरच विंडोज त्याला बॅटरीसारखे ओळखते आणि वेळेत हायबरनेट करू शकते. स्वस्तातल्या यूपीएसला हे पोर्टच नसते. नवा घेणार असाल तर दुकानात एवढे विचारून घ्या.

पॉवरच्या मेन्यूत हायबरनेट दिसत नसेल तर कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे पॉवर बटणे काय करतील ते ठरवण्याचा दुवा, आणि सध्या बंद असलेली सेटिंग्ज बदला असे लिहिलेली वरची ओळ. ती दाबली की खाली हायबरनेटसमोर टिक करता येते.

पासवर्ड बंद कुठे होतो

विंडोज १० आणि ११ मध्ये सेटिंग्ज, मग अकाउंट्स, मग साइन-इन ऑप्शन्स. तिथे इंग्रजीत प्रश्न असतो : तुम्ही दूर गेला असाल तर विंडोजने पुन्हा साइन-इन कधी मागावे? त्यापुढे ‘नेव्हर’ निवडले की काम झाले. नव्या घडणीच्या लॅपटॉपवर याच ठिकाणी १, ३, ५ आणि १५ मिनिटे असेही पर्याय दिसतात. ते लक्षात ठेवा, पुढे लागतील. विंडोज ७ मध्ये हीच गोष्ट पॉवर ऑप्शन्समध्ये होती, आणि लॅपटॉपवर प्लग लावलेला असताना वेगळी, बॅटरीवर असताना वेगळी ठरवता यायची.

एवढे करूनही पासवर्ड मागितला जात असेल तर बहुधा दोष स्क्रीन सेव्हरचा. त्याच्या खिडकीत ‘परत आल्यावर लॉगऑन स्क्रीन दाखवा’ अशी स्वतंत्र टिक असते. ती कोणीतरी कधीतरी केलेली असते आणि मग सगळे विसरून जातात.

हे सेटिंग फक्त झोपेतून उठतानाच्या पासवर्डचे आहे. शट डाऊन करून पुन्हा चालू केल्यावर येणारा पासवर्ड याने जात नाही. आणि खात्याचा पासवर्डच काढून टाकणे हा तिसराच प्रकार आहे. तो सगळ्यात वाईट. पासवर्ड नसलेल्या स्थानिक खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत येऊ देत नाही, त्यामुळे दुसऱ्या कॉम्प्युटरवरून शेअर केलेला प्रिंटर किंवा फोल्डर अचानक चालेनासा होतो. शिवाय क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड उघडून बघताना एरवी विंडोजचा पासवर्ड किंवा पिन विचारला जातो. खात्याला पासवर्डच नसेल तर ते सरळ दिसतात. झोपेतून उठतानाचा प्रश्न ‘नेव्हर’ केला तरी खात्याचा पासवर्ड शाबूत राहतो आणि विंडोजचे बटण व एल एकत्र दाबून मशीन हाताने कुलूपबंद करता येते. म्हणजे बंद करायचेच असेल तर इथेच करावे, netplwiz वगैरे सांगणाऱ्या व्हिडिओंच्या नादी लागू नये.

घरात काय बिघडते?

फारसे काही नाही. दाराला कुलूप असलेल्या घरात, बाहेर न जाणाऱ्या डेस्कटॉपवर, आजोबा सातबारा बघतात आणि नात अभ्यासाचे व्हिडिओ बघते, तिथे दर वेळी पासवर्ड मागणे म्हणजे स्वयंपाकघराच्या दाराला कडी-कोयंडा लावण्यासारखे आहे. सायबर सुरक्षेवर बोलणारे बरेच जण हे कबूल करत नाहीत आणि सगळ्यांना एकाच सुरात घाबरवतात. परिणाम असा की लोक पासवर्ड ठेवतात, पण मॉनिटरला चिठ्ठी लावून.

लॅपटॉप घेऊन रेल्वेने मनमाडला, नाशिकला किंवा चाळीसगावला अपडाऊन करणाऱ्यांना मात्र ही सूट नाही. त्यांचे टेबल गाडीच्या रॅकवर असते.

काउंटरवर काय उघडे असते

आता दुकान. बँकेचे आणि सरकारी पोर्टल काही मिनिटे काम थांबले की आपणहून बाहेर काढतात, त्यामुळे ‘उघडे राहिले तरी काय होणार’ असे दुकानदाराला वाटते. पोर्टलपुरते ते बऱ्याच अंशी बरोबर आहे. धोका दुसरीकडे आहे. गिऱ्हाईक आधारचा फोटो, पॅन कार्ड, पासबुकाचे पहिले पान दुकानाच्या व्हॉट्सॲपवर पाठवते. ते व्हॉट्सॲप वेबवर उघडले जाते, डाउनलोड्समध्ये उतरते, प्रिंट निघते आणि फाइल तिथेच राहते. व्हॉट्सॲप वेब पोर्टलसारखे पंधरा मिनिटांत बाहेर पडत नाही. जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा सेतू आणि ऑनलाइन दुकानांपुढे कशा रांगा लागल्या होत्या ते सगळ्यांनी पाहिले आहे. त्या रांगेतल्या किती जणींचे आधार आणि पासबुक अजून कुठल्यातरी डाउनलोड्स फोल्डरमध्ये पडून असेल याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

अशा मशीनवर ‘नेव्हर’ लावले की हायबरनेटची जी खुबी आहे तीच अंगावर येते. जे उघडे होते ते सगळे, जसेच्या तसे, बटण दाबणाऱ्याच्या समोर. बटण दाबणारा दुकानदारच असेल असे नाही. लाइट गेल्यावर दुकानदार शटर अर्धे ओढून चहाला जातो, लाइट आली की शेजारचा मुलगा ‘मी चालू करून ठेवतो’ म्हणतो. त्याच्या मनात काही वाईट असेलच असेही नाही.

आणखी एक बाब आहे, जी कॉम्प्युटर विकणारे सहसा सांगत नाहीत. नव्या विंडोज लॅपटॉपमध्ये डिस्क एन्क्रिप्शन बहुतेकदा आधीच चालू असते, म्हणजे डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली तरी काही वाचता येत नाही. हायबरनेटची ती फाइलही त्यातच सुरक्षित असते. पण या कुलपाची किल्ली लॅपटॉपमधल्याच एका चिपमध्ये असते आणि चालू होताना ती आपोआप लागते. त्यानंतर चोर आणि कागदपत्रे यांच्यामध्ये उरतो तो साइन-इनचा चौकोन. तोच काढला तर एन्क्रिप्शन असून नसल्यासारखे : चोराला डिस्क काढायची गरजच नाही, झाकण उघडले की पुरे. जुन्या मशीनवर एन्क्रिप्शन नसेल तर उलट, पासवर्ड असूनही डिस्क काढून वाचता येते. म्हणून दोन्ही एकमेकांबरोबरच कामाचे.

मग कटकट कमी कशी होईल

खरी तक्रार लांबलचक पासवर्डची आहे, आणि त्यावर उपाय आहे. साइन-इन ऑप्शन्समध्येच पिन ठेवता येतो. चार आकडेही चालतात, सहा ठेवावेत. चार-सहा आकड्यांचा पिन कमकुवत वाटतो, पण तो त्या एका मशीनपुरताच असतो. कोणाला कळला तरी त्याने घरी बसून तुमचे मायक्रोसॉफ्टचे खाते उघडता येत नाही, आणि फार वेळा चुकला तर मशीन थांबवून ठेवते. टाकायला दोन सेकंद लागतात. बोटांच्या ठशाचे यंत्र बसवले तर तेवढेही नाहीत. फक्त आधार पडताळणीसाठी दुकानात असलेले यंत्र त्यासाठी चालेल असे धरून चालू नका. खोक्यावर विंडोज हॅलो असे लिहिलेले वेगळे घ्यावे लागते.

मिनिटांचे पर्याय दिसत असतील तर पाच किंवा पंधरा निवडा. मधेच डोळा लागलेला लॅपटॉप लगेच उठवला तर तो काही विचारणार नाही, चहा पिऊन आलात तर विचारेल. डायनॅमिक लॉक नावाची सोयही तिथेच आहे. मोबाइल ब्लूटूथने जोडून ठेवला की तुम्ही मोबाइलसह लांब गेल्यावर मिनिटभरात मशीन आपण कुलूप लावते. भिंतीपलीकडे उभे राहून गप्पा मारल्या तर मात्र त्याला तुम्ही गेलात हे कळत नाही. भाच्यासाठी किंवा मदतनीसासाठी वेगळे साधे खाते काढा. एकच पासवर्ड तिघांना माहीत असणे म्हणजे कोणालाही जबाबदार न धरणे.

कायद्याचेही बघायला हवे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात लोकांची माहिती नीट न सांभाळल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. झेरॉक्सच्या दुकानाला कोणी तेवढा लावणार नाही, ती कमाल मर्यादा आहे. पण दुसऱ्याची कागदपत्रे सांभाळणे ही मेहेरबानी नसून जबाबदारी आहे, हे त्यातून स्पष्ट होते.

गिऱ्हाईक म्हणून तुम्हालाही काही करता येते. जिथे आधारचा पूर्ण क्रमांक लागत नाही तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारे मास्क्ड आधार द्या. ते यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येते. प्रिंट हातात पडली की ‘दादा, ती फाइल काढून टाका’ असे सांगा आणि रिसायकल बिनसुद्धा रिकामी होईपर्यंत थांबा. खात्यातून पैसे गेलेच तर १९३० वर लगेच फोन करा.

दुकानदाराने आज संध्याकाळी करायचे असेल तर व्हॉट्सॲपच्या लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये जाऊन जुनी मशीन काढून टाकावीत. दोन वर्षांपूर्वी विकलेला कॉम्प्युटर त्या यादीत अजून दिसत असेल, तर आधी तोच.