विनाहेतू हिंडण्याचा हक्क कोणाला?

‘मनोभूगोल’ हा शब्द अलीकडे आपल्या मंडळींत बराच रुळू लागला आहे. काहीही न ठरवता शहरात हिंडावे, पाय नेतील तिकडे जावे, म्हणजे नित्याचे शहर नव्याने भेटते, असे आवर्जून सांगितले जाते. सांगणाऱ्यांच्या रसिकतेविषयी आमची तक्रार नाही. ते गोष्ट अर्धीच सांगतात, ही तक्रार आहे.

गी दबोर याने १९५६ साली पॅरिसमध्ये या भ्रमंतीची उपपत्ती मांडली, ती फावल्या वेळचा विरंगुळा म्हणून खचितच नव्हे. शोंबार द लोव या समाजशास्त्रज्ञाने पॅरिसच्या सोळाव्या विभागातील एका विद्यार्थिनीच्या वर्षभराच्या येण्याजाण्याचा नकाशा काढला होता. घर, महाविद्यालय आणि पियानोशिक्षकांचे घर एवढाच त्याचा त्रिकोण! एवढ्या महानगरात एखादे आयुष्य इतके आखडावे, याचा दबोरला संताप आला. भ्रमंती हा त्या चाकोरीवर आणि ती आखणाऱ्या नगररचनेवर चढवलेला हल्ला होता. योगायोगावर त्याची फारशी भिस्तही नव्हती. शहरातील प्रवाह आणि भोवरे माणसाला कोठे ओढतात, कोठून परतवतात, हे दोघातिघांनी दिवसभर हिंडून टिपावयाचे होते.

आता न सांगितले जाणारे अर्धे. १९५८ साली अब्देलहाफिद खतीब या अल्जीरियन सहकाऱ्याने ‘ले आल’ या घाऊक बाजाराच्या परिसराची अशी पाहणी हाती घेतली. अल्जीरियाचे युद्ध पेटलेले होते. उत्तर आफ्रिकी लोकांना रात्री साडेनऊनंतर रस्त्यावर फिरकण्यास पोलिसांनी मनाई केली होती. खतीबला दोनदा पकडले गेले. पाहणी अपुरी राहिली आणि अपुरीच छापली गेली. दबोरच्या गोऱ्या मित्रांना जी मौज, ती खतीबला गुन्हा!

आपल्याकडेही १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १०९ अन्वये, स्वतःविषयी समाधानकारक खुलासा न देऊ शकणाऱ्या इसमाकडून सद्‌वर्तनाचा जामीन मागता येत असे. (‘सहज हिंडतो आहे’ हा खुलासा कोणत्या फौजदाराला समाधानकारक वाटला असता?) १९७३च्या संहितेत ते शब्द वगळले गेले. गल्लीने मात्र ते अद्याप वगळलेले नाहीत. आम्ही पिकल्या केसांचे सेवानिवृत्त अधिकारी इंदूरच्या सराफ्यात रात्री मनसोक्त खाऊन राजवाड्यामागच्या बोळांतून रमतगमत गेलो, तर गस्तीचा शिपाई नमस्कार करतो. त्याच बोळात एखादी मुलगी दोन मिनिटे नुसती उभी राहिली, की ओट्याओट्यावरून पृच्छा सुरू होते : कोणाकडे आलीस? परप्रांतीय मजुराला तर एवढ्या सौजन्याने कोणी विचारतही नाही.

तेव्हा आपल्या संस्थेला असा उपक्रम योजावयाचाच असेल, तर आमच्यासारख्यांच्या प्रभातफेरीने त्याचा आरंभ करू नये. सभासदांच्या लेकीसुनांना आणि त्यांच्या घरी कामाला येणाऱ्या बायांना, त्या कोणते रस्ते कोणत्या वेळी टाळतात, हे आधी विचारावे आणि त्या रस्त्यांचा नकाशा याच पत्रिकेच्या पुढील अंकात छापावा.