चायनीज खंडाळकर

खंडाळे दोन आहेत. एक पुण्याहून मुंबईला जाताना लागतो. तिथं धुकं, धबधबे आणि नवी जोडपी असतात. दुसरा पुण्याहून साताऱ्याला जाताना लागतो. तिथं तहसील कचेरी, एस.टी. स्टँड आणि खंबाटकीचा घाट असतो. आम्ही या दुसऱ्या खंडाळ्याचे. मुंबईच्या एखाद्या लग्नात 'आम्ही खंडाळ्याचे' म्हटलं की समोरचा गृहस्थ एक डोळा बारीक करून 'मजा आहे बुवा तुमची!' म्हणतो. १९९८ साली 'गुलाम' चित्रपट आला आणि त्यातल्या एका गाण्यानं आमच्या हालांत भरच घातली. तरीसुद्धा आमच्या खंडाळ्यात उतरून 'इथं धबधबा का नाही?' अशी तहसीलदाराकडे लेखी तक्रार केलेला इसम अजून तरी माझ्या पाहण्यात नाही. एका नावाची दोन गावं असू शकतात, दोन्ही खरी असू शकतात आणि एकानं दुसऱ्यासारखं असलंच पाहिजे असा काही सरकारी ठराव नाही, एवढं लोकांना समजतं.

मग हीच शहाणी माणसं चायनीज खायला बसली की त्यांना काय होतं?

माझं भांडण त्यांच्याशी आहे. हॉटेलवाल्याशीही आहे, पण ते नंतर. आधी गिऱ्हाईक, कारण गिऱ्हाईक हा राजा असतो आणि राजाला कोणीच बोलत नाही.

आमच्याकडे हमरस्त्याला लागून एक चायनीज हॉटेल आहे. नाव सांगत नाही. पत्र्याची शेड, लाल प्लास्टिकच्या खुर्च्या आणि पाटीवर ड्रॅगन. ज्या पेंटरनं तो काढला त्याचा हात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर बसलेला असावा. त्यामुळे ड्रॅगनच्या मिशा थेट तालमीतल्या वस्तादासारख्या आहेत आणि चेहऱ्यावरचा भाव आग ओकण्याचा नसून 'कुठल्या गावचं पाव्हणं?' असं विचारण्याचा आहे. खाली 'चायनिज', 'सेजवान', 'मंच्युरीअन' आणि 'चायना भेळ' ही नावं लिहिली आहेत. व्याकरणाच्या दृष्टीनं पाटी सदोष आहे. पण तिच्यात फसवणूक काडीची नाही. हा ड्रॅगन स्थानिक आहे, हे तो स्वतःच्या तोंडानं सांगतो.

या हॉटेलाबद्दल गावात दोन मतं नाहीत. निदान चाळीस आहेत. परवा आम्ही एका टेबलावर पाचजण होतो. शेजवान राईस मागवला. वकीलसाहेबांनी एक घास घेतला आणि निकाल दिला, "हे चायनीजच नव्हे." वकीलसाहेब नुकतेच सात दिवसांत सिंगापूर, मलेशिया आणि थायलंड करून आलेले. त्या सहलीत सोबत मराठी आचारी होता आणि सिंगापुरात त्यांनी थालीपीठ खाल्लं, ही माहिती त्यांच्याच सौभाग्यवतींनी दिलेली आहे. पण समुद्र ओलांडलेला माणूस चिनी स्वयंपाकावर बोलणारच. मावशी म्हणाल्या, "त्या चिन्यांचं काय सांगावं बाई, काय घालतात नि काय नाही!" आणि पर्समधून घरचा चमचा काढला. पुण्याचे मेहुणे म्हणाले, "सपक आहे. आमच्या कोथरूडला या." मला तो तिखटजाळ लागला. आमच्या भाच्यानं काहीच मत दिलं नाही. आम्ही मतं देत होतो तेवढ्यात त्यानं प्लेट संपवली होती.

आता प्लेट एक, कढई एक, आचारी एक. मग चवी चार कशा? उत्तर सोपं आहे. ऑर्डर कशी दिली होती ते आठवा. "शेजवान, पण तिखट बेताचं. नूडल्स, पण फार लांब नकोत. मंचुरियनमध्ये लसूण घालू नका. वर जरा शेव टाका आणि लिंबाची फोड द्या." असली कलमं लावून घेतल्यावर त्या पदार्थात चीन उरणार किती? आधी आपण त्याची शेंडी राखायची, मुंज करायची, कपाळाला गंध लावायचं आणि मग म्हणायचं, "हा चिनी दिसत नाही."

वेळेचाही प्रश्न आहे. मंगळवारी दुपारी आणि रविवारी संध्याकाळी हे एकच हॉटेल दोन हॉटेलं असतात. रविवारी महाबळेश्वर, वाई, सातारा करून परतणारी सारी मोटारसृष्टी बोगद्यातून बाहेर पडते ती उपाशीच पडते. कढईखालची आच तीच. तिच्यात एका वेळी एक-दोन प्लेटांचा ऐवज टाकला तर कोबी, गाजर, सिमला मिरची चटका बसून कुरकुरीत राहतात. आठ प्लेटांचा टाकला की कढई थंड पडते, भाज्यांना पाणी सुटतं आणि परतायची वस्तू वाफेवर शिजते. मंगळवारचा माणूस शपथेवर सांगतो की हॉटेल उत्तम आहे. रविवारचा माणूस तितक्याच शपथेवर सांगतो की चिखल मिळतो. दोघंही खरं बोलतात. फक्त मंगळवारच्या माणसाला वाटतं हे आचाऱ्याचं श्रेय, आणि रविवारच्या माणसाला वाटतं हा चीनचा दोष.

तेव्हा 'अस्सल चायनीज' हा शब्द एकदा तपासून घेऊ. मंचुरियन घ्या. ईशान्य चीनमध्ये मांचुरिया नावाचा मुलूख आहे, पण तिथल्या चुलीवर हा पदार्थ जन्मला नाही. तो जन्मला मुंबईत. कलकत्त्यात वाढलेले नेल्सन वांग हे मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात खाद्यपदार्थांची व्यवस्था पाहत. त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, १९७५ साली कोणीतरी 'काहीतरी नवीन द्या' म्हणालं. त्यांनी आपलं आलं, लसूण आणि हिरवी मिरची घेतली. गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस आणि मक्याचं पीठ घातलं. म्हणजे मंचुरियन हा पदार्थ चर्चगेटचा. हाक्का नूडल्सना नाव मिळालं ते कलकत्त्यातल्या हाक्का लोकांवरून. ही मंडळी टांगऱ्यात कातडी कमावण्याचा धंदा करत आणि जोडीला हॉटेलं चालवत.

राहता राहिलं शेजवान. सेचुआन प्रांत मात्र खरा आहे आणि तिथलं जेवण खरंच झणझणीत असतं. पण तिथली खूण मिरची नव्हे. जिभेला मुंग्या आणणारं एक फळ तिथं वापरतात, आणि ते आपल्या तिरफळाचं सख्खं भावंड आहे. तिरफळ म्हणजे कोकणात आणि गोव्यात बांगड्याच्या आमटीत घालतात तेच! आमच्या शेजवानात तिरफळ औषधालाही नसतं. लाल मिरची, लसूण आणि व्हिनेगर असतं. तेव्हा अस्सल सेचुआनी चवीची आठवण पाहिजे असेल तर वकीलसाहेबांनी सिंगापूरचं तिकीट न काढता मालवणात एखाद्या आजीच्या पानावर बसावं.

इथवर आलं की दुसरा पक्ष उठतो. तो म्हणतो, "तेच म्हणतोय आम्ही! भेसळ आहे सगळी. परदेशी खूळ. आपलं मिसळ-वडापाव काय वाईट?" या पक्षाला एवढंच विचारतो, वड्यातला बटाटा कुठला? दक्षिण अमेरिकेतला. पाव कोणी आणला? पोर्तुगीजांनी. मिरची? तीही अमेरिकेतलीच, पोर्तुगीजांच्याच गलबतातून आलेली. संकष्टीचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंदही मूळचा त्याच खंडातला. म्हणजे आपला उपास सोडायला आणि मोडायला दोन्हीकडे परदेशीच माल. आपल्याकडे नव्या गावी वस्ती केली की काही पिढ्यांत माणसाच्या नावापुढे 'कर' लागतो. तसे हे सगळे कधीच वडेकर आणि मिसळकर झाले. आमच्या हॉटेलातल्या शेजवानात कांदा लोणंदच्या बाजारातला पडतो, कोबी शेजारच्या शिवारातला. त्याला अधिवासाचा दाखला द्यायला आणखी कोणते कागद हवेत?

आणि तो बिचारा अजिनोमोटो! "चिन्यांची पावडर" म्हणून सगळं खापर त्याच्यावर. ती पावडर चिन्यांची नाहीच, जपान्यांची आहे. १९०८ साली इकेदा नावाच्या तोक्योच्या प्राध्यापकानं समुद्रशेवाळाच्या सारातून ती चव वेगळी काढली. पुढं १९६८ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात, चिनी हॉटेलात जेवल्यावर मानेला बधिरपणा येतो, असं एक पत्र छापून आलं आणि जगाला रोगाचं नाव मिळालं. नंतरच्या काटेकोर चाचण्यांत त्या रोगाचा नीटसा पत्ता लागला नाही. ज्याला सोसत नाही त्यानं खाऊ नये, हे खरंच. पण तोच क्षार निसर्गतः टोमॅटोत असतो आणि टोमॅटोचं सार पिऊन मान धरल्याची तक्रार अजून एकाही जावयानं केलेली नाही.

मग तक्रार करायचीच नाही की काय? करायची! सणसणीत करायची! हॉटेलवाल्याशी माझं भांडण आहे म्हणालो, ते इथं आहे. पहाटे शिजवलेला भात संध्याकाळपर्यंत उघड्या पातेल्यात का ठेवतोस? शिजवूनही न मरणारे जंतूंचे बीजाणू अशा कोमट भातात वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा परतल्यानं जात नाही. इंग्लंडात १९७०च्या दशकाच्या आरंभी लोकांना फ्राइड राइस खाऊन उलट्या झाल्या तेव्हा मूळ तिथं सापडलं. दोष चीनचा नव्हता, ठेवलेल्या भाताचा होता. आपल्या फोडणीच्या भातालाही तोच कायदा लागू. मंचुरियन इतकं लाल कशानं होतं? २०२४ साली कर्नाटक सरकारनं गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली, ती काही लाल रंगाच्या द्वेषानं नव्हे. आणि कढईतलं हे काळं तेल कोणत्या तारखेचं आहे?

पण हे प्रश्न कोणी विचारत नाही! मी कान देऊन ऐकलं आहे. पन्नास माणसं 'अस्सल नाही' म्हणतात, पन्नास 'आपलं नाही' म्हणतात, आणि तेल कधी बदललं हे एकही विचारत नाही. मिसळीचा रस्सा खवट लागला तर हाच माणूस मालकाला गल्ल्यावरून उठवून आणतो. कारण मिसळ आपली. चायनीजला आपण परका ठरवला, आणि परक्याकडून चांगुलपणाची अपेक्षा नसते, फक्त चवीची असते. हॉटेलवाल्याच्या ते बरोबर पथ्यावर पडतं. तेल जुनं असलं तरी शिव्या चीनला बसतात.

चीनला बसतात तेवढ्या बसोत. त्याला त्या ऐकू जात नाहीत. त्या ऐकू जातात कढईपाशी उभ्या असलेल्या पोराला. तो दार्जिलिंगकडचा आहे. इथं त्याला आता सात-आठ वर्षं झाली. गिऱ्हाईक त्याला हाक मारतं, "ए चायना!" मी बसलो असताना एकजण तिसऱ्यांदा तसं ओरडला, तेव्हा तो पोरगा झारा न थांबवता म्हणाला, "मामा, दम काढा की जरा. एकच तर शेगडी हाय." ही भाषा कुठल्या चीनची? ती पारगाव-खंडाळ्याची आहे. तरी त्याचं नाव कोणालाच ठाऊक नाही.

हे हसण्यावारी नेता येईल. मी नेत नाही, कारण एक जुनी गोष्ट आठवते. १९६२ च्या नोव्हेंबरात आमच्या जिल्ह्याचे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, हे आम्ही आजही छाती फुगवून सांगतो आणि सांगावंच. पण त्याच युद्धापायी चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार माणसांना घरातून उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं, हे सांगायचं राहून जातं. त्यांत म्हातारे होते, तान्ही मुलं होती. कित्येकांचा जन्म इथलाच. त्यांच्या जातभाईंपैकी पहिले तर अठराव्या शतकाच्या अखेरीला कलकत्त्याजवळ आले, ते साखर काढायला! साखरेवर जगणाऱ्या आमच्या जिल्ह्यानं तरी हे लक्षात ठेवायला हवं. काहींना त्या छावणीत वर्षांमागून वर्षं काढावी लागली. त्यांचा गुन्हा काय, तर चेहरा. माणसाचा चेहरा पाहून त्याचा देश ठरवण्याची खोड तेव्हा सरकारला लागली होती. आता ती शेजवान राईसची वाट पाहणाऱ्या माणसाला लागली आहे, एवढाच फरक.

तेव्हा मंडळी, मागणी फार मोठी नाही. हॉटेलात शिरलात की आधी तेल पाहा. भात कधीचा ते विचारा. रंग नको म्हणून सांगा. रविवारी जाणार असाल तर थांबायची तयारी ठेवा. पदार्थ बिघडला तर मालकाला बोलवा आणि मिसळीसाठी भांडता तितक्याच हक्कानं भांडा. पण भांडायच्या आधी त्या पोराला त्याचं नाव विचारा. मी विचारलं. त्यानं सांगितलं, आणि पुढच्या प्लेटीत शेव न मागता आली.