उडालेला लाल

वर्गात रसचर्चा शिकवताना मी एक गोष्ट हमखास सांगतो. ‘राग’ आणि ‘रंग’ ही सख्खी भावंडे. ‘रञ्ज्’ या एकाच संस्कृत धातूच्या पोटची. मनाला रंग चढला की तो राग! विद्यार्थी माना डोलावतात, मीही खूष होतो.

पण परवा धाकटीने मार्क रॉथ्को या अमेरिकन चित्रकाराचे पुस्तक पुढ्यात टाकले आणि माझी विद्वत्ता पांगळी झाली. ना माणूस, ना झाड, ना घर. नुसते रंगाचे धूसर चौकोन!

“हे तर मीही काढीन,” मी म्हणालो.

“मग काढा ना, बाबा,” ती म्हणाली.

निमूटपणे वाचायला बसलो. रॉथ्कोचे म्हणणे असे, की आपल्याला रंगांच्या मांडणीत रस नाही. माणसाचा शोक, आनंद, सर्वनाश हेच आपले विषय. त्यासाठी तो पातळ रंगाचे थरावर थर देई आणि बघणाऱ्याने चित्राच्या अगदी जवळ उभे राहावे असे त्याला वाटे.

हार्वर्ड विद्यापीठासाठी त्याने १९६२ साली भलीमोठी चित्रे रंगवली. त्यातली पाच १९६४ साली तिथल्या भोजनाच्या दालनात लागली. पार्श्वभूमी गडद किरमिजी. पण तिच्यातला ‘लिथॉल रेड’ उन्हात टिकणारा नव्हता. मोठ्या खिडक्यांतून ऊन येत राहिले आणि किरमिजी उडत उडत कुठे कुठे चक्क फिकट निळा झाला. १९७० साली रॉथ्को वारला. १९७९ साली चित्रे उतरवून कोठारात ठेवावी लागली.

वरून नवा रंग द्यावा, तर चित्रकाराचा हात पुसला जायचा. अखेर २०१४ साली तिथल्या संग्रहालयाने युक्ती काढली. चित्रांची जुनी रंगीत छायाचित्रेही विटली होती; आधी संगणकावर त्यांचे रंग सावरले. मग जिथे जेवढा रंग उणा, तिथे तेवढाच प्रकाशझोताने चित्रावर टाकला. कॅनव्हासला बोटही न लावता किरमिजी परतला! रोज दुपारी चार वाजता मात्र झोत बंद करीत आणि लोकांना विटलेले चित्र दिसे.

इथे मी थांबलो. अखेरच्या वर्षात आईची स्मृती अशीच विटत गेली होती. आम्ही जवळ बसून जुन्या गोष्टी काढल्या की तिचा चेहरा उजळे. आम्ही उठलो की पुन्हा फिका पडे. उठायची घाई बहुतेक वेळा मलाच असे.

“काही दिसलं का, बाबा?”

“दिसलं,” एवढेच म्हणालो.

‘हे तर मीही काढीन’ हे वाक्य त्यानंतर आमच्या घरात कुणी ऐकलेले नाही.