चिप आपली झाली. ती उघडून पाहण्याचा हक्क कुणाचा?

२ सप्टेंबर २०२५ रोजी 'सेमिकॉन इंडिया'च्या व्यासपीठावर 'विक्रम ३२०१' ही ३२ बिटांची चिप पंतप्रधानांच्या हाती देण्यात आली. इस्रोने प्रक्षेपक यानांसाठी विकसित केलेली ही चिप मोहालीच्या सेमिकंडक्टर लॅबोरेटरीत तयार झाली. तिचे कौतुक यथार्थच आहे. परंतु या कौतुकात मोहालीचाच एक जुना धडा विसरून चालणार नाही.

ही संस्था 'सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड' म्हणून ओळखली जात असताना तिने ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीच्या 'बीबीसी मायक्रो' या संगणकाची भारतीय आवृत्ती 'युनिकॉर्न' नावाने काढली होती. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या 'क्लास' योजनेतून बीबीसी मायक्रो आपल्या शाळांतही पोहोचला. त्याच्या पोटात होता ६५०२ हा प्रोसेसर. १९७५ साली अवघ्या २५ डॉलरला बाजारात आलेला, जेमतेम साडेतीन हजार ट्रान्झिस्टरांचा. बटण दाबताच समोर बेसिक भाषा हजर होई. यंत्र जणू म्हणत असे, सांग, काय करू?

केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी १९८४ मध्ये याच यंत्रासाठी 'एलिट' हा अंतराळ-व्यापाराचा खेळ रचला. ३२ किलोबाइट स्मृतीच्या यंत्रात त्यांनी आकाशगंगा बसवल्या. त्यांच्यापैकी डेव्हिड ब्रेबन पुढे रास्पबेरी पाय फाउंडेशनच्या संस्थापकांत होते. २०१२ मध्ये आलेल्या त्या स्वस्त संगणकाला 'मॉडेल ए' आणि 'मॉडेल बी' ही नावे बीबीसी मायक्रोच्याच स्मरणार्थ मिळाली. यंत्र तेच आपल्याकडेही होते. आपण त्याचा विषय केला, विषयाची परीक्षा केली आणि परीक्षेचे गुण मोजले.

आजही जुन्या व्हिडिओ गेमची यंत्रे जुळवणाऱ्या हौशी मंडळींकडे पोरखेळ करणारे म्हणून पाहिले जाते. "कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात हे कशाला?" असा प्रश्न येतो. त्याचे उत्तर त्या यंत्रांतच आहे. अटारी २६०० मध्ये स्मृती होती फक्त १२८ बाइट. पूर्ण चित्र साठवायला जागाच नाही. म्हणून दूरचित्रवाणीचा किरण पडद्यावरून धावत असतानाच प्रोग्रामला प्रत्येक रेषेची सामग्री पुरवावी लागे. २००८ मध्ये आलेल्या 'उझेबॉक्स' या खुल्या गेमयंत्रात एकच ८ बिटांचा मायक्रोकंट्रोलर खेळ चालवतो, आवाज काढतो आणि चित्रही उमटवतो. दर ६३.५ मायक्रोसेकंदांना एक नवी रेषा द्यायची. क्षण चुकला की चित्र मोडले. त्याचा आराखडा आणि कोड दोन्ही सर्वांसाठी खुले आहेत.

ठरलेल्या क्षणी ठरलेले काम झालेच पाहिजे, ही शिस्त यानाच्या मार्गदर्शक संगणकालाही लागते. ती पाठ करून येत नाही. हातातली सर्किट बिघडली, मुलाने ती शोधून दुरुस्त केली, की ती अंगी बाणते. त्यास पोरखेळ म्हणणाऱ्यांनी शिक्षण कशास म्हणायचे, ते सांगावे.

आणखी एक आक्षेप सुरक्षिततेचा. विक्रमची गुपिते कुणी मागत नाही. आयआयटी मद्रासच्या 'शक्ती' प्रोसेसरचा आराखडा खुल्या परवान्याखाली आधीच उपलब्ध आहे. सी-डॅकने आपल्या 'वेगा' प्रोसेसरवर आधारित 'एरीज' बोर्ड काढले आहेत. २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांत पाच वर्षांत ५०,००० अटल टिंकरिंग लॅब उभारण्याची घोषणा झाली आहे. चिप आहे, खोली आहे, मुले आहेत. यांची गाठ घालून देण्याची इच्छा मात्र धोरणात दिसली पाहिजे.

म्हणून मागणी साधी आहे. या प्रयोगशाळांत भारतीय प्रोसेसरचे बोर्ड द्या. सोबत पूर्ण सर्किट आकृती, मूळ कोड आणि मराठी, तमिळ, बंगाली अशा भाषांतील मार्गदर्शिका द्या. पहिला प्रकल्प म्हणून मुलांना स्वतःचे गेमयंत्र जुळवू द्या. त्यात चार बोर्ड जळाले तर शिक्षकाकडून खुलासा मागू नका. तो खर्च शिक्षणाचाच समजा. आणि प्रयोगशाळेचे यश उद्घाटनाच्या छायाचित्रांवरून ठरवू नका, तिथे मुलांनी काय चालवून दाखवले ते विचारा.

कुलूपबंद कपाटात चकचकीत राहिलेल्या बोर्डाने आजवर एकही अभियंता घडवलेला नाही.