एक मोडून पाहा

जोंगाचं नाव काढलं की आपल्या आणि आपल्या आधीच्या पिढीतल्या फौजींचे डोळे चमकतात. निस्सानच्या पी-६० वर बेतलेली, जबलपूरला बनलेली ही दणकट गाडी फौजेतून निवृत्त झाली, लिलावात निघाली आणि आता कितीतरी माजी अधिकाऱ्यांच्या अंगणात पुन्हा उभी राहते आहे. याचा मला आनंदच आहे. काळजी वाटते ती तिच्या पोटाखालची.

जोंगाला चारही चाकांवर पाट्यांची कमान. पाट्याचं एक टोक चॅसिसला पिनने धरलेलं आणि दुसरं शॅकलवर झुलणारं, कारण भार पडला की पाटा लांबतो आणि त्याला सरकायला जागा लागते. मूळ शॅकल मिळत नाही, म्हणून लोक ती लेथवाल्याकडून करून घेतात. करून घेतोच आहोत तर गाडी थोडी उंचही करू, म्हणून शॅकल लांब सांगतात. मिस्त्री ग्वाही देतो, "साहब, टँक चढा दो, कुछ नहीं होगा." आपण फौजी, टँकचं नाव ऐकलं की आपलं समाधान होतं.

मी ईएमईचा माणूस. माझं मत स्पष्ट आहे: सस्पेन्शनचा जो भाग तुम्ही स्वतः बनवून घेतला, त्याची एक प्रत मुद्दाम मोडून पाहिल्याशिवाय दुसरी गाडीला लावू नका.

का, ते एका हिशोबाने सांगतो. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. मागच्या एका चाकावर ४०० किलो भार धरा. पाट्याची दोन टोकं तो वाटून घेतात, म्हणजे शॅकलवर २०० किलो. खड्ड्यात तिप्पट धरला तर ६००, आणि दोन पट्ट्यांत प्रत्येकी ३००. पट्टी ४० मिमी रुंद, ६ मिमी जाड, तिला १४ मिमीचं भोक. भोकाशी उरलेलं पोलाद १५६ चौरस मिमी. ताण आला चौरस मिलिमीटरला २ किलोही नाही. साधं बांधकामाचं पोलाद साधारण २५ किलोपर्यंत कायमचं वाकत नाही. बारापट सुरक्षित!

आता वळणावरचा आडवा धक्का घ्या. शॅकलवर बाजूने २०० किलो, म्हणजे एका पट्टीवर १००. शॅकल १०० मिमी लांब आणि दोन पट्ट्या नुसत्या बोल्टांनी जोडलेल्या. तीच पट्टी आता आपल्या पातळ बाजूने वाकते आणि ताण चौरस मिलिमीटरला ४० किलोच्या पुढे जातो. बारापट सुरक्षित पट्टी वाकलीच म्हणून समजा. लांबी ५० मिमी असती तर हाच ताण निम्मा झाला असता. शिवाय शॅकल ५० मिमी वाढवली तरी गाडी उचलली जाते जेमतेम २५ मिमी, कारण पाट्याचं एकच टोक खाली जातं. वर आसाचा कोन बदलतो तो वेगळाच.

"मग जाड पट्टी टाकू." जाडी दुप्पट केली की वाकण्यातली ताकद चौपट होते, हे खरं. पण धक्का नाहीसा होत नाही, तो पुढच्या दुव्याकडे जातो. शॅकल वाचते आणि हँगरचं वेल्डिंग किंवा चॅसिस तडकते. दोनपैकी काय मोडलेलं परवडेल, ते आधी ठरवा. पट्ट्यांच्या मध्ये एक आडवा दुवा घालणं हे जाडी वाढवण्यापेक्षा शहाणपणाचं.

तिसरा शत्रू थकवा. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत ऑगस्ट व्योलरने रेल्वेच्या आसांवर चाचण्या करून दाखवलं, की एका दणक्याला दाद न देणारं पोलाद त्याहून कितीतरी कमी भाराच्या लाखो फेऱ्यांनी मोडतं. सुरुवात होते ग्राइंडरच्या ओरखड्यातून, भोकाच्या धारदार कडेतून, वेल्डच्या काठातून. म्हणून कडा गोल करा, आणि पाट्याच्या पोलादावर वेल्डिंग कधीच करू नका. ते तिथे ठिसूळ होतं.

चाचणी काही प्रयोगशाळेतच होते असं नाही. एकाच पोलादाच्या, एकाच हाताने केलेल्या चार पट्ट्यांऐवजी आठ करून घ्या. गाडीत बसते तशीच शॅकल जिगमध्ये धरा आणि गेज लावलेल्या हायड्रॉलिक प्रेसने सरळ आणि आडवा, दोन्ही भार द्या. आधी अपेक्षित भाराच्या दीडपट देऊन सोडा आणि मोजा. मूळ मापावर परत आली नाही तर नापास. मग एक मोडेपर्यंत दाबा आणि कुठे मोडली ते पाहा. आधी वाकून मग मोडली तर बरं. काचेसारखी तडकली तर तो माल भंगारात टाका. एक जोडी मोटरवरच्या चकतीला लावून हलवत ठेवा. सेकंदाला एक फेरी धरली तर एक लाख फेऱ्या २८ तासांत होतात. नंतर लाल डाय फवारून चिरा शोधा. जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात हे सगळं हौसेने करणारी मुलं भेटतील.

कोणी म्हणेल, आपण सीमेवर तारेने बांधून गाड्या चालवल्या, आता हे कसले चोचले? तिथे पर्याय नव्हता, आणि ती गाडी वर्कशॉपमध्ये पोचेपर्यंतच तशी चालायची. रविवारच्या हौसेला अशी कोणती आणीबाणी? ज्या फौजेत तोफेची नळी जादा दाबाने डागून पारखल्याशिवाय जवानाच्या हाती देत नाहीत, त्या फौजेतून आलेल्या माणसाने नातवंडांना मागे बसवताना "कुछ नहीं होगा"वर विसंबावं, हे मला पटत नाही.

कायद्याचंही ध्यानात असू द्या. निर्मात्याच्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला आहे. म्हणून माझा आग्रह मूळ मापाचाच भाग नव्याने करण्याचा आहे, गाडी उंच करण्याचा नाही.

आणि ती मोडलेली शॅकल फेकू नका. तारीख आणि भार लिहून गॅरेजच्या भिंतीवर टांगा. गाडी विकाल तेव्हा कागदपत्रांसोबत नव्या मालकाला तीही द्या.

जय हिंद.