‘काळाने गिळलेला’ पिअर आणि आपली सोयीस्कर अकर्मक क्रियापदे

१/ इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ब्रायटनच्या समुद्रात, एक गंजलेला लोखंडी सांगाडा उभा आहे. मागे सूर्यास्त, वर साळुंकीच्या कुळातील स्टारलिंग पक्ष्यांचे प्रचंड थवे, खाली ओहोटीचे पाणी. हे छायाचित्र आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी पाहिले असेल. त्याखालची ओळही ठरलेली असते : ‘काळापुढे कुणाचे चालते?’ हा थ्रेड त्या ओळीविरुद्ध आहे.

२/ आधी कबुली. गेल्या हिवाळ्यात तेच छायाचित्र मीही काढले आणि जवळजवळ तीच ओळ लिहून मोकळा झालो. पुष्कळांना ते आवडले. एका वाचकाने मात्र एवढेच विचारले : ‘पडला, की पाडला?’ इतिहासाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याकडे या तीन शब्दांना उत्तर नव्हते. पुढे जे लिहितो आहे ते त्या ओशाळलेपणातून केलेल्या वाचनाचे फलित आहे.

३/ हा वेस्ट पिअर. धक्का म्हटले की आपल्याला भाऊचा धक्का आठवतो : होड्या, माणसे, मासळी. हा धक्का प्रामुख्याने फिरण्यासाठी बांधलेला होता. युजिनियस बर्च या अभियंत्याने त्याचा आराखडा केला आणि ६ ऑक्टोबर १८६६ रोजी तो खुला झाला. टोकाला आटे असलेले ओतीव लोखंडाचे खांब स्क्रूप्रमाणे समुद्रतळात पिळून बसवले होते.

४/ १८४१ मध्ये लंडन–ब्रायटन रेल्वे सुरू झाली होती. एकेकाळी राजघराण्याचे आणि धनिकांचे असलेले हे गाव त्यामुळे कारकून, दुकानांतले नोकर, कारागीर यांच्याही आवाक्यात आले. पिअरच्या टोकाला १८९३ मध्ये मंडप उभा राहिला, १९१६ मध्ये संगीतसभागृह. पहिले महायुद्ध संपले त्या १९१८–१९ या वर्षात वीस लाखांहून अधिक लोक येथे येऊन गेले. सामान्य माणसाला तिकीट काढून समुद्रावर चालता येत होते, हे त्याचे खरे वैभव.

५/ मग ‘काळ बदलला’ का? थोडा बदलला. दुसऱ्या महायुद्धात शत्रू उतरू नये म्हणून मधला भाग तोडून पिअर बंद ठेवला होता. पुढे करमणुकीच्या सवयी बदलल्या, उत्पन्न घटले. परंतु खाऱ्या हवेतील लोखंडाला सतत रंग आणि डागडुजी लागते, हे बांधणाऱ्यालाही ठाऊक होते. मालक कंपनीला तो खर्च झेपेना. १९७० मध्ये समुद्राकडचे टोक बंद झाले, १९७५ मध्ये संपूर्ण पिअर.

६/ येथून कथा विलक्षण होते. १९८२ मध्ये या बंद पिअरला वारसावास्तूंची सर्वोच्च, म्हणजे प्रथम श्रेणी मिळाली. १९८३ मध्ये एका विश्वस्त संस्थेने तो अवघ्या १०० पौंडांना विकत घेतला. १९९८ मध्ये लॉटरीच्या वारसानिधीतून सुमारे १ कोटी ४० लाख पौंड मंजूर झाले. मान होता, मालक होता, पैसाही मंजूर होता. त्यानंतर आक्षेप, वाद आणि परवानग्या यांत वर्षे गेली.

७/ डिसेंबर २००२ : वादळात एक भाग कोसळला. मार्च २००३ : आगीत मंडप गेला. मे २००३ : दुसऱ्या आगीत संगीतसभागृह गेले. आग लावल्याचा संशय व्यक्त झाला, शिक्षा कुणालाही झाली नाही. जानेवारी २००४ : निधी मागे घेतला गेला. बंद झाल्यापासून पहिल्या मोठ्या पडझडीपर्यंत सत्तावीस वर्षे होती. सत्तावीस वर्षांना ‘काळाचा घाला’ म्हणणे हा भाषेचा गैरवापर आहे.

८/ मराठीत ही पळवाट फार सुबक आहे. पडणे–पाडणे, तुटणे–तोडणे, जळणे–जाळणे, फुटणे–फोडणे. घरातले पोर सांगते, ‘बरणी फुटली.’ आई विचारते, ‘कुणी फोडली?’ अवशेषांपुढे उभे राहिलो की आपण सारे ते पोर होतो. कोसळला, विरला, लोपला. अकर्मक क्रियापद लिहिले की कर्ता शोधण्याची जबाबदारी संपते.

९/ कर्ता नेहमी दुष्टच असतो असे नाही. कधी तो ‘पुढच्या वर्षी पाहू’ असे लिहिलेला कागद असतो, कधी मंजूर होऊनही न वापरलेला पैसा. ‘पाडला’ हे क्रियापद येथे फार कठोर वाटत असेल, तर मराठीत तिसरे रूपही आहे : ‘पडू दिला.’ वेस्ट पिअरच्या बाबतीत मला तेच अचूक वाटते.

१०/ आक्षेप पहिला : समुद्रापुढे इलाज नसतो. याच ब्रायटनचा १८२३ चा चेन पिअर १८९६ च्या डिसेंबरात वादळाने नेला, हे खरेच. पण क्लीव्हडन पाहा. १८६९ चा तो पिअर १९७० मध्ये भारचाचणी चालू असताना कोसळला. पाडून टाकण्याचा विचार झाला, नागरिक आडवे आले, सार्वजनिक चौकशी झाली. १९८९ मध्ये तो पुन्हा उघडला. तेही लोखंड होते आणि तोही समुद्रच होता.

११/ आक्षेप दुसरा : छायाचित्रामुळे निदान स्मृती तरी टिकते. मान्य. किंबहुना छायाचित्र हा पुरावाच आहे. फेब्रुवारी २०१४ च्या वादळाने या सांगाड्याचे आणखी तुकडे केले. त्याआधीची आणि नंतरची छायाचित्रे शेजारी ठेवली की कोणता भाग गेला ते मोजता येते. पण त्यासाठी छायाचित्रावर तारीख हवी. रंग गडद करून, तारीख पुसून, ‘चिरंतन’ लिहिलेले चित्र इतिहासाच्या काहीही कामाचे नाही.

१२/ हा रोग परदेशी नाही. आपल्या किल्ल्यांच्या चित्रफिती आठवा : ड्रोन, धुके, करुण बासरी, ‘काळाच्या ओघात ढासळलेले वैभव’. रायगडाचे वाडे काळाच्या ओघात ढासळले नाहीत. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांचा मारा झाला, आग लागली, त्यात ते जळाले. अनेक गडांच्या पायऱ्या त्यानंतर सुरुंग लावून उडवल्या गेल्या. तोफा डागणाऱ्याला आपण ‘काळ’ म्हणतो आणि त्याला निर्दोष सोडतो.

१३/ याने फरक काय पडतो? काळ दोषी ठरला की पुढच्या वास्तूसाठी कुणालाच जाब विचारता येत नाही. बर्चचाच आणखी एक पिअर, वेस्टन-सुपर-मेअरजवळचा १८६७ चा बर्नबेक, १९९४ पासून बंद आहे. तो २०२३ मध्ये स्थानिक परिषदेने ताब्यात घेतला. त्याचे क्रियापद अजून ठरायचे आहे.

१४/ म्हणून विनंती. अवशेषांचे छायाचित्र अवश्य काढा, सुंदर काढा. त्याखाली तीन गोष्टी लिहा : तारीख, कोणत्या बाजूने काढले ते ठिकाण, आणि कर्ता असलेले एक वाक्य. कर्ता सापडत नसेल तर ‘शोधतो आहे’ असे लिहा, तेही प्रामाणिक आहे.

१५/ माझ्या छायाचित्राखालची ओळ मी बदलली आहे : ‘वेस्ट पिअर, ब्रायटन. १९७५ मध्ये बंद केला. १९९८ मध्ये वाचवण्यास पैसा मंजूर केला. २००४ मध्ये तो परत घेतला.’ पूर्वीइतके लोक ती ओळ पसंत करत नाहीत. त्या वाचकाला मात्र आता उत्तर मिळाले आहे. (समाप्त)