विटांचा ढीग आणि वाडा

निर्जीवातून जीव कसा उद्भवला, हा प्रश्न १९५३ साली तत्त्वज्ञांच्या बैठकीतून उठून प्रयोगशाळेत आला. शिकागो विद्यापीठातील स्टॅन्ले मिलर या संशोधक विद्यार्थ्याने मिथेन, अमोनिया, हायड्रोजन व पाण्याची वाफ बंद काचपात्रांत खेळवून त्यांत विजेच्या ठिणग्या पाडल्या. काही दिवसांत पाणी तांबूस झाले व त्यात ग्लायसीनसारखी अमिनो आम्ले सापडली. मार्गदर्शक हॅरॉल्ड युरी नोबेलविजेते होते. तरीही शोधनिबंधावर त्यांनी स्वतःचे नाव घातले नाही. (आपल्या विद्यापीठांतून ही हकीकत अधूनमधून सांगितली जावी.)

अर्थात अमिनो आम्ले म्हणजे जीव नव्हे. विटांचा ढीग म्हणजे वाडा नव्हे. स्वतःची प्रतिकृती घडविणारा पहिला रेणू कसा जुळला, हे कोडे अद्याप सुटलेले नाही. आदिम वातावरणात मिथेन व अमोनिया एवढ्या प्रमाणात होते काय, अशीही शंका पुढे घेतली गेली. पण तेवढ्यावरून विज्ञानाचा पराभव झाल्याची दवंडी पिटणे हा उतावळेपणा होय. मिलरने जपलेल्या जुन्या कुप्या नव्या उपकरणांनी पुन्हा तपासल्या गेल्या, तेव्हा ज्वालामुखीच्या वाफेचे अनुकरण करणाऱ्या त्याच्या एका प्रयोगाच्या अवशेषांत २२ अमिनो आम्ले आढळली. हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला २००८ साली. मिलर त्याच्या आदल्याच वर्षी निवर्तला होता.